दुसरं गेट

फोल्डरचं नाव मी ‘जुनी बिलं’ असं ठेवलंय.
कुणी उघडत नाही.
आत एकशे बारा गाणी, सगळी रडकी.
तो परगावी जातो, ती लग्न करून घेते,
मध्ये एक बासरी
इतकी ओली की पिळून वाळत घालावी.

उद्यमबागेत माझं शेड आहे. तीन लेथ, एक ड्रिल.
केसाच्या दहाव्या भागाएवढा जॉब चुकला
तर मी भंगारात टाकतो, पोरांवर ओरडतो.
खरं त्या गाण्यात बाई वर चढताना
सूर चांगला बोटभर घसरतो
आणि मी मायक्रोमीटर खिशात ठेवतो.
जाऊ दे, म्हणतो. जाऊ दे की.

ही लागण बसलिंगकडून झाली.
हुदलीचा पोरगा. रात्रपाळीला
मोबाइल स्टीलच्या डब्यात उभा करून लावायचा.
डब्यातून आवाज दुप्पट यायचा,
दुःखही.
‘होगबेड, होगबेड’
जाऊ नको म्हणतेय ती, त्यानं मला समजावलं,
मला एवढंही कन्नड येत नाही असं धरून.
बाजारात येतं. तहसीलात येतं.
भांडणात तर फार चांगलं येतं.
रडण्यापुरतं मात्र
त्या रात्रीपर्यंत लागलं नव्हतं.
लग्न ठरलं तशी सगळी गाणी
त्यानं मला देऊन टाकली.
आता काय उपयोग, म्हणाला, ती होय म्हणाली की.

घरी सांगायची सोय नाही.
दुकानाच्या पाटीवरच्या अक्षरांसाठी
वडील दोन रात्री चौकीच्या बाकावर बसले होते.
त्यांचा फोटो हॉलमध्ये, बरोबर स्पीकरच्या वर.

आणि शहापुरातलं मंडळ?
दर गुरुवारी तिसऱ्या रांगेत बसून
मी समेवर मान टाकतो.
चुकून आधी पडली
तर लचक भरल्यासारखी चोळून घेतो.
तिथं कमळाताई हलगेकर.
एका पोरीला सहा महिने नुसता मारव्याचा रे लावायला लावला.
दुसरी जिन्यात सिनेमातलं काहीतरी गुणगुणली,
तर पंधरा दिवस तानपुऱ्याला हात नाही.
गोड लागतं तेच पोटात जाऊन आंबतं, म्हणतात.
आम्ही सगळे वहीत लिहून घेतो.

परवा दुसऱ्या गेटला अडकलो.
मिरजेकडची गाडी यायची होती, येत नव्हती.
एसी बिघडलेला, काचा खाली,
‘जुनी बिलं’ चालू.
शेंगावाला दोन गाड्यांच्या मधून
कागदाच्या सुरळ्या नाचवत गेला
आणि मला वाटलं
माझ्या गाण्याला प्रतिध्वनी येतोय.
अर्धी ओळ मागून.

शेजारी पांढरी छोटी गाडी.
स्टिअरिंगवर कमळाताईंची बोटं.
तीच बाई, तीच बासरी, तेच होगबेड.
रेडिओ असता तर एकदमच आलं असतं.
म्हणजे हे भरून घेतलेलं.
कुणाकडून तरी. मागून.

माझा हात बटणाकडे गेला.
त्यांचाही गेला.
आणि दोन्ही हात तिथंच राहिले,
कारण घसरायची जागा जवळ आली होती.
आधी माझ्याकडची बाई घसरली.
मग, अर्ध्या ओळीनं, त्यांच्याकडची.
ताईंची मान हलली.
सम नव्हतीच तिथं.

मग गाडी आली, सगळंच बुडवून गेली.
दांडी वर झाली, मागून हॉर्नचा दंगा.
काच चढवता चढवता ताई म्हणाल्या,
‘बिर्जे, गुरुवारी वेळेवर या.’

दहा मिनिटं आधीच गेलो.
खोलीत आम्ही दोघंच. ताई तानपुरा लावत होत्या.
तीन तारा जुळल्या. एक
किंचित खाली राहिली.
मला ऐकू आलं. त्यांना तर येणारच.
खुंटीवर हात ठेवून त्या थांबल्या,
खिडकीबाहेर बघितलं,
मग पिळली.